शेवटच्या सोबतीची मुलाखत

मरणाच्या वाटेवर माणूस एकटाच असतो. मावशीच्या पलंगाभोवती मात्र आम्ही चौघं भाचरं उभी होतो. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर, शेवटच्या दिवसांत सोबत करणाऱ्या एका बाईंना आम्ही पारखून घ्यायला बोलावलं होतं. त्यांचा आवाज इतका मऊ होता, की मला लगेच संशय आला.

“आपण निरोपाचा उत्सव करू,” त्या मला म्हणाल्या.

“मरतेय मी. इकडे बघून बोला,” मावशी म्हणाली.

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “चुकलं माझं. तुम्हाला काय हवंय?”

“ही माणसं जरा बाहेर. डोळा लागला की नाकाशी बोट धरतात माझ्या.”

बाईंनी आमच्याकडे नुसतं बघितलं. आम्ही व्हरांड्यात आलो. आतून दार लागलं. त्यांना विचारायच्या अकरा प्रश्नांची यादी माझ्या खिशातच होती.