गोरासेब भावांची ओपेल

आमच्या वॉल्विस बे बंदरात पाऊस नावालाच. धुकं मात्र रोजचं, समुद्रावरून सरपटत येणारं, खारट. ते पत्रा खातं. आमच्या वस्तीत धडधाकट गाडीचीही काही वर्षांत चाळण होते. ऊम एफ्राइम गोरासेबांची फिकट हिरवी ओपेल मात्र पन्नाशीला आली तरी तुकतुकीत होती.

मी त्यांची शेजारीण; ऊम म्हणजे आमच्याकडे काका. ऊम मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथलंच माशाचं तेल आणून ते गाडीच्या बुडाला, दारांच्या पोकळीत चोपडायचे. रोज गोड्या पाण्याने मीठ पुसायचं, फडक्याने कोरडं करायचं, दाराखालची निथळायची भोकं तारेने मोकळी करायची. वासाने वस्तीतली सगळी मांजरं तिच्याभोवती.

"ऊम, वरून प्लास्टिक टाका की," मी एकदा म्हटलं.

"तुला गुंडाळू का प्लास्टिकात? आत घाम धरतो, मार्था. गंज झाकला की माजतो."

गाडी दोघा भावांची. धाकटा गॉटलीब मासेमारीच्या बोटीवर होता. निघताना दरवेळी दम द्यायचा, "म्हाताऱ्या, माझ्या अर्ध्या भागाला गंज लागला तर बघ!" एका हिवाळ्यात तो धुक्यात बोटीवरून पाण्यात पडला. सापडलाच नाही.

काही महिन्यांनी ऊमनी मला हाक मारली. "इकडे ये जरा. हात लाव."

चालकाची सीट चिंब होती. दारं बंद, काचा वर, छत कोरडं. शेजारची सीटही कोरडी ठणठणीत. मी बोट जिभेला लावलं. समुद्राचं पाणी. खाली पायाशी ओली वाळू.

ऊमनी दारांचे रबर बदलले, वरून बादल्या ओतून पाहिल्या. थेंबही आत जाईना. सकाळी सीट पुन्हा ओली. मग व्हायचं तेच झालं. चालकाच्या पायाखालचा रंग फुगला, तपकिरी पापुद्रे सुटले. ऊम खरवडायचे, रंग द्यायचे, तेल लावायचे. आठवड्यात पुन्हा तेच.

एकदा सकाळी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर ऊम उघड्या दारापाशी उकिडवे बसून कुणाला तरी झापत होते.

"गॉटलीब, लेका, ओल्या ढुंगणाने येऊन बसतोस, वर गंजाबद्दल मलाच बोलणार? गाडी टिकायला हवी ना? मग येऊ नकोस!"

सीटची स्प्रिंग कुरकुरली. जड माणूस उठल्यावर कुरकुरते, तशी. मी कपडे तसेच टाकून घरात पळाले.

दुसऱ्या दिवसापासून सीट कोरडी. गंज थांबला. ऊमनी खुश व्हायला हवं होतं, पण ते जेवेनात. मी सूप घेऊन गेले तर म्हणाले, "आयुष्यात कधी माझं ऐकलं नाही त्याने. आणि हे ऐकलं बघ."

मग त्यांनी तेल लावणं सोडलं. चालकाच्या बाजूची काच खाली केली ती कायमचीच.

"ऊम, धुकं शिरेल आत."

"शिरू दे. त्याला कळू दे, मी रागावलेलो नाही."

धुकं शिरलं. दोन्ही सीटा भिजल्या, छताचं अस्तर लोंबलं. ऊम रोज सीट चाचपायचे आणि हात तसाच ठेवून उभे राहायचे. "आता सगळीच ओली. तो आला की नाही, कळायचं कसं, मार्था?"

शेवटी ते स्वतःच रोज सकाळी शेजारच्या सीटवर जाऊन बसू लागले. आता पत्र्याला भोकं पडलीत, खालची वाळू दिसते. ऊम गप्पा मारतात, मध्येच हसतात. मी रूइबॉस चहा नेऊन देते, पण खिडकीतून आत वाकून बघत नाही.

ऊम डावीकडे बसतात, आणि गाडी उजवीकडे कललेली असते. माझा नवरा म्हणतो, उजवी स्प्रिंग गंजून बसली असेल. असेलही. पण धुकं विरून ऊन पडलं की ती हळूच सरळ होते.