सुरकुती नसलेली चादर

वृंदाच्या घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला हातात पडण्याआधी त्याला मुलींची खोली दाखवली जायची. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत तिचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, झोपायच्या खोल्या दोनच. पण त्यातल्या एकीत बंक बेड उभा होता, खाली एक पलंग, वर एक पलंग, मधाच्या रंगाच्या लाकडाचा. त्याचं तिला कोण कौतुक!

बेड घेतला तो राधासाठी. राधा म्हणजे तिच्या नणंदेची, संपदाची, अकरा वर्षांची मुलगी. संपदा नर्स. दोन वर्षांच्या करारावर मस्कतला निघाली, तेव्हा लेकीचा हात भावजयीच्या हातात देऊन एवढंच म्हणाली, "वहिनी, तुझ्या भरवशावर."

वृंदानं ते मनावर घेतलं. कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारात चार रविवार पायपीट केली. लाकूड नखानं खरवडून पाहिलं, कठडा गदागदा हलवून पाहिला. पायऱ्यांचा बेड खोलीत मावेना, म्हणून सरळ शिडीचा घेतला. जोडायला आलेला सुतार म्हणाला, "मैडम, ऐसे रखोगे तो ऊपरवाले का सिर पंखे के पास आएगा. घुमा दूँ?"

फिरवला असता तर उशी उत्तरेला आली असती. उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात, हे वृंदा माहेराहून घेऊन आलेली. "नहीं भैया, ऐसे ही रहने दो."

"वर कोण झोपणार?" नऊ वर्षांच्या स्वानंदीनं, तिच्या लेकीनं, विचारलं.

"राधाताई. मोठी आहे ती. चालेल ना गं राधा?"

"चालेल, मामी."

लाकडाची चौकशी चार रविवार झाली, पोरीची तेवढ्या एका शब्दात उरकली.

तीन आठवडे गेले. रोज सकाळी वरचा बिछाना बघून वृंदाचं मन भरून यायचं. पानिपतची नवी चादर, तिच्यावर एक सुरकुती नाही. "शिक जरा ताईकडून," ती स्वानंदीला म्हणायची. स्वानंदी ताईकडे बघायची आणि ताई खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहायची. एकदा राधा पाठ चोळताना दिसली, तेव्हा वृंदानं दप्तरातली दोन पुस्तकं कमी केली होती.

मग एका रविवारी दुपारी संपदाचा फोन आला. मुली खाली खेळायला गेल्या होत्या.

"झोपते ना गं नीट?"

"मस्त! नवा बंक बेड घेतलाय दोघींना."

"अगंबाई! मग खालचा राधाचा हं. गच्चीच्या जिन्यातसुद्धा मधेच बसून घेते ती. उंचावर गेली की गरगरतं तिला."

वृंदाच्या जिभेनं तिला विचारलंच नाही. "हो गं, खालीच झोपते," असं परस्पर सांगून टाकलं.

फोन ठेवून ती शिडी चढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिसऱ्या दांड्यावर तिनंच कठडा घट्ट धरला. पंखा हाताच्या अंतरावर. तिनं चादर ओढली. दुकानातल्या घड्या तशाच उमटलेल्या होत्या आणि उशीच्या अभ्र्याला दुकानाची चिठ्ठी टाचणीसकट लटकत होती. तिथं एक रात्रही कोणी टेकलं नव्हतं.

स्वानंदी पाणी प्यायला धावत आली, तर आई शिडीवर.

"ताई कुठं झोपते गं?"

"खाली. सतरंजीवर. तुझा गजर वाजला की गुंडाळून ठेवते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तीच म्हणाली, नको सांगू यार. मामीनं किती हौसेनं आणलाय."

शिडीवरून उतरायला वृंदाला फार वेळ लागला.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला, परीक्षितला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आजपासून स्वानंदीला वर झोपव, झालं. संपदाला कशाला कळवायचं? तिकडं तिचा जीव उगीच टांगणीला."

सोपं होतं ते. चादरी बदलल्या की दुपारचं खोटं खरं झालं असतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. वृंदा दोन्ही चादरी हातात घेऊन उभी राहिली. मग त्या तिनं तशाच खाली ठेवल्या आणि राधाला हाक मारली.

"राधा, मी चुकले गं. तुला विचारायला हवं होतं."

"चालेल, मामी."

ते 'चालेल' वृंदाच्या काळजात रुतलं. तिनं राधाच्या समोरच मस्कतचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"संपदा, दुपारी मी खोटं बोलले. वरचा बेड मी राधाला दिला होता. ती फरशीवर झोपत होती आणि मला पत्ता नव्हता."

पलीकडून प्रश्न आला, "किती दिवस?"

"तीन आठवडे."

राधा सरकत पुढं आली, तिनं फोनजवळ तोंड नेलं.

"आई, मला वर भीती वाटते गं. आणि तो पंखा..." पुढं तिला हुंदका फुटला.

त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा पोर काहीतरी नको म्हणाली होती. म्हणाली ती फोनला. मामी हातभर अंतरावर होती, फोन धरून, आणि तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हेही तिला ठरवता येईना.