दोन वर्षांनी थोरली

नेमगोंडाचं नाव काढलं की कळंब्याच्या तलावावर फिरायला येणारी आमची मंडळी आधीच हसायला लागतात. हसायची ती सवय मीच लावली. आता तीच गोष्ट सांगताना माझी मान वर होत नाही, पण सांगतो.

हातकणंगल्याच्या वाटेवर एक सूतगिरणी. तिथं मी टाइमकीपर, नेमगोंडा फिटर आणि त्याची बायको राजमती वाइंडिंग खात्यात. दोघं राहायला माझ्याच गल्लीत, बस्तीच्या म्हणजे जैन मंदिराच्या मागं. नेमगोंडा म्हणजे इस्त्रीचा माणूस. गिरणीत ग्रीस चोपडायचं असलं तरी घरातून निघताना कडक घडीचा शर्ट. एक वेळ उपाशी राहील, पण चारचौघांत आपलं हसं झालेलं त्याला खपायचं नाही.

राजमती पंधरा वर्षांची असताना बाप वारला. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, कनवाळूपणानं तिला कामावर घेतलं आणि कागदावर वय लिहिलं वीस. तेच पीएफला लागलं, पुढं आधार कार्डावरही चढलं. खरी ती नवऱ्याहून तीन वर्षांनी धाकटी. कागदावर मात्र दोन वर्षांनी थोरली! हे त्या दोघांना ठाऊक आणि हजेरीबुक सांभाळणाऱ्या मला.

कागदावर अठ्ठावन्न पुरी झाली तशी गिरणीनं राजमतीला निरोप दिला. मी तोवर रिटायर होऊन नुसते पेढे खायला गेलेलो. नारळ दिला, साडी दिली आणि कुणीतरी म्हणालं, "टाइमकीपर, दोन शब्द बोला की." माझ्या जिभेला तेवढंच पुरतं. म्हणालो, "आमच्या नेमगोंडाचं नशीब बघा. अक्का पेन्शनीत निघाल्या, धाकट्याला अजून दोन वर्षं पाना फिरवायचाय!"

मांडव हसला. मग मी दोघांच्या कागदावरच्या जन्मतारखा फोडून सांगितल्या, तेव्हा आणखी हसला. नेमगोंडाही हसला, पण त्याचे कान लालभडक झालेले मी पाहिले होते. दुसऱ्या दिवसापासून तलावावर जो तो विचारायचा, "काय नेमगोंडा, अक्का बऱ्या हाईत न्हवं?"

पेन्शनच्या फॉर्मला नवराबायकोचा जोडफोटो लागतो आणि खाली दोघांच्या जन्मतारखा. राजमती साडी नेसून तयार, नेमगोंडा स्टुडिओत यायला तयार नाही. ऑफिसात तारखा वाचतील, पुन्हा हसतील, एवढंच त्याच्या डोक्यात. पण तसं म्हणणार कोण? बायकोला म्हणाला, "साठीपर्यंत थांबलं की वर्षाला चार टक्के वाढतात. माझीही अठ्ठावन्न भरतील. दोघांचं एकदम काढू."

"टक्के काय करू?" राजमती म्हणाली. "गुडघा चालतोय तवर मला शिखरजीचा डोंगर चढायचाय. अनवाणी. बस्तीतल्या बायकांचा संघ ह्या थंडीत यात्रेला निघालाय. माझ्या पैशानं जायचंय, तुमच्याकडं मागून न्हाय."

"डोंगर कुठं पळून जातोय?"

मग तो मला विचारायला आला. खरं कारण मला दिसत होतं, ते मीच पेरलं होतं. तेव्हा तरी सांगायचं, "बाबा, माझी चूक झाली, चल फोटो काढू." मी काय म्हणालो? "चार टक्के म्हणजे काय थोडे झाले?" त्याच्या थापेवर मी शिक्का मारला.

संघ गेला आणि आला. राजमतीनं त्यांचा प्रसाद दारातच हात जोडून घेतला, कुणाला काही विचारलं नाही. अडतीस वर्षं मशीनपुढं उभी राहिलेली बाई. पुढच्या पावसाळ्यात डावा गुडघा धरला, त्याच्यामागून उजवा.

गेल्या महिन्यात दोघांचे फॉर्म भरायला पीएफ ऑफिसात गेलो. राजमती बाकावर बसली, मी तिच्या शेजारी. मागं ही रांग. टेबलावरची मुलगी कागद चाळून मोठ्यानं म्हणाली, "काका, मिसेसची जन्मतारीख तुमच्या आधीची हाय. बरोबर हाय का?"

नेमगोंडाचा कडक शर्ट पाठीला चिकटला. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय. दोन वर्षांनी थोरली हाय."

मी हशाची वाट बघत बसलो. कुणी हसलं नाही. मुलीनं शिक्का मारला. मागचा पटकेवाला तेवढा कुरकुरला, "माझा थोरला भाऊ कागदावर माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी धाकटा हाय. त्यात काय एवढं? फुडं सरका की पावणं!"

नेमगोंडा सरकला. बाकापाशी येऊन नुसता उभा राहिला.

"झालं सांगून?" राजमती म्हणाली. "एवढंच हुतं?"

"डोली करू की आपण," तो खाली बघत म्हणाला. "वरपर्यंत नेतात."

"अनवाणी बोलले हुते मी. माणसांच्या खांद्यावर न्हाय." गुडघ्यावरचा हात तिनं काढला नाही. "तुम्ही चढा. मी पायथ्याला बसते."

मग माझ्याकडं वळली. "आणि टाइमकीपर, तुम्ही गप का? म्हणा की अक्का. आज कागदावर शिक्कासुद्धा पडलाय."

बाहेर पडायला तीन पायऱ्या होत्या. एका बाजूनं तिला नेमगोंडानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती आणि आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता थांबत होतो.