बॅटरी मी काढली नव्हती

हे सांगायचं मी दहा-अकरा वर्षं टाळलं. आधी वाटलं, योग्य वेळ आली की सांगू. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कशाला. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी साडेसातला माझा मित्र अरुण याच्या बायकोचा, शुभदावहिनींचा, फोन आला, "भावोजी, हे गेले." त्या एवढंच म्हणाल्या. मी वारज्याहून रिक्षा करून शनिवार पेठेत पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुःखाच्या आधी दुसरीच गोष्ट आली होती, ती लिहायला लाज वाटते. मनात आलं, आता सांगायचं राहिलं ते राहिलंच... आणि त्यात क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. त्या क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तेराव्यानंतर अरुणच्या मुलीचा, मुग्धाचा, फोन आला. "काका, आम्ही छोटी स्मरणिका छापतोय, त्यात बाबांवर तुम्ही लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोणी ओळखत नाही. आणि ती बॅटरीची गोष्ट नक्की घ्या हं, ते सगळ्यांना सांगायचे ती." मी हो म्हणालो. म्हणून आता लिहितो आहे. पण ती गोष्ट अरुण सांगायचा तशी नाही, घडली तशी.

अरुण आणि मी शाळेपासूनचे. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढत निवृत्त झालो, त्याने आधी टीव्ही दुरुस्त केले आणि पुढे कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटर. साठी उलटल्यावर लोक गीतावर्गाला नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात जातात, हा जुन्या कॉम्प्युटरांकडे गेला. लोकांनी भंगारात काढलेली खोकी आणायची, धूळ झटकायची, आतल्या सर्किटच्या पट्ट्या उलटसुलट लावून बघायच्या आणि त्यावर त्या काळचे खेळ चालू करायचे. नव्या कॉम्प्युटरवर नकली पद्धतीने तेच खेळ चालतात, असं कोणी म्हणालं की तो म्हणायचा, "चालतात ना. मुखवट्यालाही नैवेद्य दाखवतात, तो जेवतो का?" त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मागची खोली या खोक्यांनी भरली होती. जड काचेचे मॉनिटर, पिवळे पडलेले कीबोर्ड, आणि मध्यभागी एक जुनं तीनशे शहाऐंशी मॉडेलचं मशीन, ते त्याने दुरुस्तीच्या धंद्यात असतानाच स्वतः एकेक भाग जमवून पहिल्यांदा उभं केलेलं. मुग्धा लहान असताना त्याच मशीनवर ते तिघं वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ खेळायचे. त्यात वहिनींना हरवणं कोणालाच जमलं नाही. मलाही नाही, आणि मी निदान नकाशे काढणारा माणूस होतो.

मला मात्र हे सगळं पोरखेळ वाटायचं. पुढे मी जे केलं त्याचं हे खरं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सबबी शोधायला नकोत.

मुग्धा कॅनडात होती. तिच्या बाळंतपणाला दोघं पाच महिन्यांसाठी निघाले, आणि तारीख अलीकडे आल्याने तिकीट घाईघाईने बदललं. जुन्या कॉम्प्युटरांच्या मुख्य पट्टीवर घड्याळ चालू ठेवायला एक छोटी बॅटरी डकवलेली असते. ती म्हातारी झाली की गळते, आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या बारीक रेषा खात सुटतो. अरुणने बाकी सगळ्यांच्या काढल्या होत्या. फक्त त्या लाडक्या मशीनची राहिली होती. निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला बोलावून झाकण उघडून दाखवलं. "बघ, अजून स्वच्छ आहे. पण भरवसा नाही. कटर ड्रॉवरमध्ये आहे, दोन पाय काप, संपलं. मी आत्ताच कापली असती, पण आज रात्री मुग्धाला व्हिडिओवर तिचा जुना खेळ दाखवायचाय, आणि बॅटरी काढली की सगळी माहिती परत भरत बसावी लागते. उद्या पहाटे तर निघायचंय." त्याने एका चिठ्ठीवर मला लिहूनही दिलं, निळी बॅटरी, दोन पाय, मग पुसून घे. किल्ली देताना वहिनी म्हणाल्या, "तुळशीला पाणी शेजारच्या बाई घालणार आहेत. तुम्ही यांच्या लाडक्यांकडे बघा म्हणजे झालं."

दोन मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही. पहिल्या आठवड्यात ऊन होतं, दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून भांडण चालू होतं. त्या मीटिंगमध्येच असताना अरुणचा फोन आला. नात झाल्याची बातमी दिली आणि शेवटी विचारलं, "काढलीस ना रे?" मी म्हणालो, "काढली." सभासद माझ्याकडे बघत होते, मला फोन ठेवायचा होता, आणि उद्या जाऊन काढू असा माझा विचार होता. विचित्र आहे, पण एकदा 'काढली' म्हटल्यावर ते काम खरंच झाल्यासारखं वाटायला लागलं. मग मी मे महिन्यातही गेलो नाही आणि जूनमध्येही नाही.

ते परत यायच्या चार दिवस आधी गेलो. झाकण उघडलं, तर बॅटरीच्या अंगावर आणि भोवती चार बोटं जागेत हिरवट-पांढरी पापुद्र्यांची बुरशी. कटरने दोन पाय कापले. रुमालाने पुसलं, तर रेषाही रुमालाबरोबर उचलून आल्या. मी झाकण लावलं, बॅटरी खिशात घातली आणि पुलावरच्या कचरापेटीत टाकून घरी आलो.

अरुणने आल्या दिवशीच मशीन उघडलं. मी तिथेच होतो. तो बराच वेळ भिंग लावून बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "दिगू, तू काढलीस तेव्हा ही गळलेली होती का?"

मला वाटच करून दिली त्याने. मी म्हणालो, "हो... थोडीशी."

"म्हणजे मी निघालो तेव्हाच खालून सुरू झालं असणार. मला दिसलं नाही. आणि काढल्यावरही क्षार आत खात राहिला." त्याने भिंग खाली ठेवलं. "दोन वर्षांपूर्वीच काढायला हवी होती. एका संध्याकाळच्या गमतीसाठी ठेवली. आळस, दुसरं काय." आणि मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तू नको वाईट वाटून घेऊस, तू काढलीस म्हणून एवढं तरी उरलं."

त्या वाक्यानंतर मी दर रविवारी त्याच्याकडे जायला लागलो. सुरुवात अपराधी वाटून झाली, हे खरं. पण गंमत अशी की दोन-तीन महिन्यांत मला ते आवडायला लागलं. त्याने मला डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकवलं. माझा हात नकाशे काढून बारीक कामाला बसलेला, त्यामुळे केसाएवढ्या तारा जोडायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही दोघांनी मिळून ती खाल्लेली पट्टी जोडायचा वर्षभर प्रयत्न केला. मशीन सुरू व्हायचं, पडद्यावर आकडे मोजायचं आणि थांबायचं. शेवटी अरुणने ती पट्टी काढून भिंतीवर टांगली. पुढे हिंजवडीत नोकरी करणारी पाच-सहा माणसं त्याला शोधत आली. तिशी-चाळिशीची, दिवसभर नव्या कॉम्प्युटरसमोर बसून रविवारी जुन्यासमोर बसायला येणारी. पोहे खायचे, खोकी उघडायची, एकमेकांच्या मशीनना नावं ठेवायची. माझ्या निवृत्तीनंतरची सगळ्यात चांगली वर्षं ती. खोटं बोललो नसतो तर कदाचित मी त्या खोलीत इतका गेलोही नसतो, हा विचार मला अनेकदा छळतो.

नवीन कोणी आलं की अरुण त्याला भिंतीसमोर उभं करायचा. "ही बघा. हा माझा आळस. एक बॅटरी काढली नाही, त्याचं हे फळ. घरी जाऊन पहिलं काम काय करायचं?" मी शेजारी बशीत चहा ओतत असायचो. हळूहळू मंडळींत बोलायची पद्धतच पडली. कोणाची पट्टी गळून गेलेली निघाली की म्हणायचं, "याचा अरुणकाका झालाय." पुण्याबाहेरची माणसंसुद्धा त्यांच्या ग्रुपवर हा शब्द वापरायला लागली. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याचा साधा स्क्रू हरवला नाही, त्याचं नाव निष्काळजीपणाला पडलं. अरुणला त्याची गंमत वाटायची. मला दर वेळी ठसका लागायचा.

त्याच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. जुने खेळ मशीनच्या वेगावर धावतात. वहिनींचा ठोकळ्यांचा खेळ त्या एका मशीनवर ज्या चालीने चालायचा, ती चाल दुसऱ्या कशावर येईना. मग त्याने दुसऱ्या, जरा वेगवान पट्टीला लगाम घालायला सुरुवात केली. वेग ठरवणारा धातूच्या डबीतला एक छोटा स्फटिक असतो. बुधवार पेठेतल्या दुकानांतून तो असे स्फटिक पुडीत बांधून आणायचा, एक काढायचा, दुसरा बसवायचा, कुठे काही बंद करायचा, कुठे चालू करायचा, आणि हाक मारायचा. "माझा मीटर स्वयंपाकघरात आहे," असं तो म्हणायचा. वहिनी हात पुसत यायच्या, दोन मिनिटं खेळायच्या आणि निकाल द्यायच्या. "घाई आहे याला." किंवा, "हा पेंगतोय." एकदा म्हणाल्या, "जवळ आलंय. पण हे आपलं नाही, शेजाऱ्यांचं वाटतंय." अरुण निमूटपणे पुन्हा डागणी हातात घ्यायचा. वर्षामागून वर्षं हे चाललं आणि दोघांपैकी कोणी एकदाही कंटाळलं नाही. त्यांचा संसार मला त्या खोलीत जेवढा कळला, तेवढा लग्नाच्या वाढदिवसांना कधी कळला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी वहिनी येऊन बसल्या. दोन मिनिटं झाली, पाच झाली. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. अरुणने विचारलं, "काय?" त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "गप्प बसा, खेळू द्या. आणि गॅस बंद करा कोणीतरी." गॅस मी बंद केला. परत आलो तर अरुण त्यांच्या खुर्चीमागे उभा होता, हात पाठीमागे बांधून, एखाद्या परीक्षेत पास झालेल्यासारखा. मला म्हणाला, "दिगू, झाली रे माझ्या आळसाची भरपाई." तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तो इतका सुखी दिसत होता की मी स्वतःला समजावलं, आत्ता कशाला. आता कळतं, ते मी त्याच्या सुखासाठी केलं नाही.

शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये, दुपारच्या भेटीच्या वेळेत झाली. बसमध्ये मी वाक्य पाठ करत गेलो होतो. नाकात नळी होती, तरी बोलणं तेच. "रविवारी मंडळी आली होती?" मी म्हणालो, "आली होती." "कोणाचा अरुणकाका झाला?" असं विचारून तो हसला, त्याला धाप लागली. मी म्हणालो, "अरुण, ते नाव... ते तुझं नाही घ्यायला पाहिजे."

"असू दे रे. त्या निमित्ताने लोक बॅटऱ्या तर काढतात."

नर्स आली, वेळ संपली म्हणाली. मी उठलो. त्याने विचारलं, "तू काहीतरी सांगणार होतास."

"काही नाही. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी त्याला आयसीयूत हलवलं होतं, भेटू दिलं नाही. आणि चौथ्या सकाळी वहिनींचा फोन आला.

हे छापून येण्याआधी वहिनींना सांगायला हवं, म्हणून गेल्या आठवड्यात गेलो. सगळं सांगितलं. त्या गवार मोडत होत्या, मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं दर रविवारी माझ्या हातचे पोहे खाल्लेत. घशाखाली उतरत होते?"

मी म्हणालो, "अडकत होते."

"मग दुसऱ्यांदा का मागायचात?"

त्यांनी गवारीचं ताट बाजूला सारलं. "लिहा. नीट लिहा. त्या मंडळींनाही सांगा, हे नाव आता बदला म्हणावं." मी ते आता सांगतोच आहे. कोणाची पट्टी गळली तर खुशाल म्हणा, याचा दिगूकाका झाला. निघताना मी वहिनींसमोर हात जोडले, तर त्यांनी मला थांबवलं. "माझी माफी नका मागू. ज्यांची मागायची त्यांची मागा."

अरुण, तू दाखवलीस तेव्हा ती बॅटरी स्वच्छ होती. तुझं काही चुकलं नव्हतं. पाच महिने मी तुझं कुलूपसुद्धा उघडलं नाही, तुला फोनवर 'काढली' म्हणालो, आणि तू स्वतःला आळशी म्हणत राहिलास तेव्हा शेजारी बसून चहा प्यायलो. आळस माझा होता. मला माफ कर.