बाबांनी धुणं हाती घेतलं

भाजी घेऊन येताना सासूबाई नागपुरातल्या बेसाच्या रस्त्यावर घसरून पडल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर लागलं. दीड महिना हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. स्वयंपाक मी आणि माझ्या नवऱ्यानं वाटून घेतला. धुण्याचं काय करायचं यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "मी करतो."

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. बाबा उमरेडजवळच्या कोळसा खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले. तिथे असताना संध्याकाळी काळेकुट्ट कपडे न्हाणीघराच्या दारात टाकून ते आंघोळीला बसत, आणि आई, म्हणजे सासूबाई, ते साबणाच्या वडीनं घासून, मोगरीनं बडवून पुन्हा माणसात आणत. त्यांनी जन्मात स्वतःचा रुमाल धुतलेला नाही, ही माहितीही आईंनी लगेच पुरवली.

"तुमाले मशीन लावता येते का जी?" त्यांनी विचारलं.

"खाणीत एवढाल्या मशिनी चालवल्या मी. हे त डब्बा आहे," बाबा म्हणाले.

तो डबा म्हणजे पुढून गोल काचेचं दार असलेली, वर्षभरापूर्वी घेतलेली आमची वॉशिंग मशीन. ती लावायचं काम आईंचंच होतं. त्या पावडर कुठली, किती टाकतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. टॉवेल हल्ली पापडासारखे कडक होतात एवढं जाणवायचं, पण ते मी नागपूरच्या उन्हावर ढकलून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मला सुट्टी होती. मी कणीक मळत होते. बाल्कनीतून आईंचा आवाज आला, "माय वं! पाहा तं, काय होऊन राहिलं!"

जाऊन बघते तर मशीनच्या वरच्या खणातून पांढरा फेस बाहेर येऊन खाली ओघळत होता. काचेच्या आत कपडे दिसेनात, नुसता फेस. बाबा दोन्ही तळव्यांनी तो खण दाबून उभे होते, आणि फेस त्यांच्या बोटांमधून निघून कोपरापर्यंत गेला होता. आई खुर्चीवर बसून, प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून इतक्या हसत होत्या की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काहून हासून राहिली वं? बंद कर ना हिले!" बाबा ओरडले.

मी बटण दाबून मशीन थांबवली. मग विचारलं, "बाबा, पावडर किती टाकली?"

"तीन कप्पे आहेत. तिन्ही भरले."

त्यावर मलाही हसू आवरेना. बाबा क्षणभर रागावले, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि तेही हसायला लागले. पडल्यापासून आई घरात इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच हसल्या होत्या.

मशीन पुढे काही केल्या चालेना, म्हणून दुपारी मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी पावडरची पिशवी हातात घेतली आणि मान हलवली.

"काकाजी, हे बादलीची पावडर आहे. बादलीत फेस पायजे. या मशीनमधी पाणी थोडंसंच राह्यते. कपडे वर जातात, खाली आपटतात, त्याच्यानंच मळ निघते. फेस झाला की गादीवर पडल्यावानी होते, आपटतच नाही."

"फेस नाही, त साफ कसं होईन?" बाबांना ते पटेना. आईंनाही नाही. "मी त चार मुठी टाकतो, तरी कमीच वाटते," त्या म्हणाल्या.

मेकॅनिकनी वाद घातला नाही. आधी मशीनमधला फेस दोन-तीनदा खळबळून काढून टाकला. मग मला कपाटातले चार धुतलेले टॉवेल आणायला सांगितले. ते आत टाकले, गरम पाण्यावर मशीन लावली, आणि पावडर अजिबात घातली नाही. आम्ही सगळे काचेसमोर बसलो. पाच-सात मिनिटांत काचेवर फेस चढायला लागला.

"पावडर त टाकलीच नाही!" बाबा म्हणाले.

"हे तुमची जुनी पावडर आहे काकाजी. टॉवेलातच बसून होती."

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून कितीतरी वेळ त्या काचेत बघत राहिले. डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्यांना काही पटत नाही, आणि आता दिसलं होतं.

सोमवारी ऑफिसातून परतताना मी धरमपेठेतल्या दुकानातून पुढून दार असलेल्या मशीनची, कमी फेसाची पावडर आणि एक लिक्विडची बाटली आणली. बाबांनी चष्मा लावून पुडक्यावरचं अक्षरन् अक्षर वाचलं. जड पाण्याला थोडी जास्त पावडर लागते, असं त्यावर लिहिलं होतं. आमच्याकडे बोअरचं पाणी; बादल्यांना पांढरे थर चढतात. मग त्यांचे प्रयोग सुरू झाले. एक दिवस एक चमचा, एक दिवस दीड. टॉवेल वाळला की आधी वास घेत, मग गालावर फिरवून बघत. ओलसर वास आला तर पावडर कमी पडली, कडक लागला तर जास्त झाली. दहा-बारा दिवसांनी त्यांनी माझं लाल नेलपॉलिश मागितलं आणि बाटलीच्या मापाच्या टोपणावर दोन रेघा मारल्या: खालची अर्ध्या मशीनची, वरची पूर्ण मशीनची. पावडर फक्त मधल्या मोठ्या कप्प्यात. बाकीच्या दोन कप्प्यांना हात लावायची आम्हाला बंदी झाली.

टॉवेल मऊ झाले. नवऱ्याच्या गडद शर्टांवरचे पांढरे चट्टे गेले. एक दिवस आईंनी स्वतःहून कपाटातून उमरेडची हातमागाची साडी काढली. जांभळी, चौकडीची, आजवर ती त्यांनी कुणालाही धुवायला दिली नव्हती.

"रंग गेला त पाहा जी."

बाबांनी आधी पदराच्या टोकाला ओला पांढरा रुमाल घासून बघितला. रुमाल पांढराच राहिला. मग साडी जाळीच्या पिशवीत घालून थंड पाण्यावर लावली, लिक्विड अर्धं टोपण, पिळायचा वेग सगळ्यात कमी. आणि संपेपर्यंत स्टूल टाकून समोर बसले. मी चहा दिला, तो गार झाला.

साडी बाहेर आली तेव्हा आईंनी डाव्या हातानं काठ उजेडाकडे धरला, अंगठ्यानं चोळला. रंग जागच्या जागी होता. बाबा हळू आवाजात म्हणाले, "माझ्या कपड्यातला कोळसा तू कसा काढत होती वं, देव जाणे."

"हातानं," आई म्हणाल्या, आणि साडीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ती दोरीवर टाकली.

प्लॅस्टर निघालं तरी धुणं बाबांकडेच राहिलं. आईंनी एकदा परत मागून बघितलं, त्यांनी दिलं नाही.

मध्यंतरी आईंची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, उमरेडहून भेटायला आल्या. बाबांनी त्यांना काचेसमोर बसवून सगळा धडा दिला. त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या. "भाऊजी, तुमी आन् धुणं!" असं चार वेळा तरी म्हणाल्या असतील. जाताना मात्र त्यांनी पावडरच्या पुडक्याचा फोटो काढून घेतला.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळीच दार वाजलं. मावशी एसटीनं आल्या होत्या, हातात हे एवढं मोठं गाठोडं.

"आमची मशीन अजून घ्याचीच आहे," त्या आत येत म्हणाल्या. "चादरी आहेत सहा. भाऊजी उठले का?"

बाबा उठले होते. त्यांनी चादरी हातानं तोलून बघितल्या, तीन बाजूला काढल्या आणि म्हणाले, "दोन खेपा लागतीन. जेवूनच जाजा."