न वाचलेली पानं

हे मी सगळ्यात आधी एका बाईला सांगितलं. तेही दोन वर्षं गप्प राहून.

साकीनाक्याला आमच्या शेजारी नूरमावशी राहते. जन्म घाटकोपरचा, पण जन्मदाखला नाही. एक दिवस नोटीस आली — तुम्ही परदेशी नाही, हे सिद्ध करा. नाही झालं तर? घर, मुलगा इथे टाकून कुठे जाणार होती ती?

तिच्या वकिलांनी त्या नोटिशीविरुद्ध हायकोर्टात याचिका करायचं ठरवलं. याचिका इंग्रजीत. अर्जदाराला इंग्रजी येत नसेल, तर कुणीतरी ती त्याच्या भाषेत समजावायची आणि तशी सही द्यायची. "आमची पोरगी कॉलेजात आहे ना," आई म्हणाली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच.

पहिलं पान जमलं. दुसऱ्यावर शब्द अडायला लागले. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती, आई कौतुकाने दारात उभी — अडलं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? मी पानं उलटली. "पुढे नुसतं कोर्टाचं असतं, मावशी." तिने सही केली. खाली मी केली — सर्व मजकूर वाचून, मराठीत समजावून सांगितला.

न वाचलेल्या पानांत एक चूक होती. मावशी शाळेत कधीच गेली नाही, असं लिहिलेलं. ती चौथीपर्यंत शिकलेली! पुढे शाळेचा दाखला मिळाला, त्यावर जन्मस्थळ घाटकोपर. सरकारी वकिलांनी विचारलं, शपथेवर शाळा नाही म्हणता, मग हा दाखला कुणाचा? चाळीत तिला खोटारडी म्हणू लागले. मी — ऐकत राहिले.

परवा तिला सांगितलं. ती म्हणाली, "शहाणे, अडलं तर विचारायचं ना गं! चल वकिलाकडे. आणि डिक्शनरी घे."

वकील म्हणाले, दुरुस्ती मागता येईल, पण तुझं शपथपत्र लागेल. आज दुपारी नवा मजकूर वाचायला बसले. अडलं तिथे थांबले, विचारलं. मावशीनेही दोनदा थांबवून तपशील बदलून घेतले. कोर्ट आता दाखला नीट बघेल, असं वकिलांना वाटतं. मलाही वाटतं.

माझं शपथपत्र मी मराठीत लिहिलं. पहिलंच वाक्य — मी सर्व मजकूर वाचून दाखवला नव्हता. ते मावशीसमोर मोठ्याने वाचलं, आणि सही केली.