लाइव्ह ऐकलंय का?

माझ्या एका मित्राचा एक प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. लातुरात आमच्या चहाच्या टपरीवर रॉक संगीताचा विषय निघाला की तो बशी खाली ठेवतो आणि विचारतो, "लाइव्ह ऐकलंय का?" नसेल ऐकलं, तर त्याच्या लेखी तुमचं मत कचरा. स्वतः त्यानं पुण्यात एकच शो बघितलाय. तेवढ्या भांडवलावर तो आमच्या आवडीचे सगळे अल्बम मोडीत काढतो.

माझी भाची नांदेडला एका बँडमध्ये ड्रम वाजवते. भीमजयंतीला ते इलेक्ट्रिक गिटारवर भीमगीतं वाजवणार होते, म्हणून मी त्याला मुद्दाम घेऊन गेलो. सगळं मैदान नाचत होतं. भाची घामानं भिजली होती. यानं पहिल्याच गाण्याला "हे रॉक न्हाई" म्हणत कानात इअरफोन कोंबले, मोबाइलवर परदेशी अल्बम लावला आणि शेवटपर्यंत डोळे मिटून बसला. एक ठेवून द्यावीशी वाटली. भाची स्टेजवरून बघत होती, म्हणून हात आवरला.

आता त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. काल टपरीवर कुणीतरी तो लावला. यानं बशी खाली ठेवली.

"मोबाइलवर काय बघायलात," तो म्हणाला, "मी लाइव्ह ऐकलंय."